पहिला सिनेमा जिथे घडला, तिथे आज काय आहे?

आजच्या गप्पांत आपण मुंबईला जाणार आहोत, पण चौपाटी बघायला नाही. एका जुन्या सिनेमाच्या जागा शोधायला जायचं आहे. सिनेमाचं नाव ‘राजा हरिश्चंद्र’, साल १९१३. आपल्या देशात तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो आणि तो बनवणाऱ्या दादासाहेब फाळक्यांना भारतीय सिनेमाचे जनक म्हणतात. शाळेच्या पुस्तकात एवढं असतंच. आज त्या जागा फिरता फिरता आपण एक वेगळा शोध घेणार आहोत. या सिनेमासाठी कुणाकुणाचे हात राबले आणि त्यातल्या कुणाचं नाव आज कुठल्या पाटीवर दिसतं, ते बघू या.

नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या आपल्या नेहमीच्या गाड्या भुसावळवरून नाशिकरोडला जातात, मग कसाऱ्याचा घाट उतरून कल्याण आणि दादर गाठतात. या सिनेमाच्या बहुतेक जागा याच रुळांच्या आसपास आहेत. नाशिकला फाळक्यांची कंपनी पुढे गेली. कल्याणहून कर्जतकडे फुटणाऱ्या फाट्यावर वांगणी आहे, तिथे बाहेरची दृश्यं घेतली. दादरला ते घर होतं, ज्यात सगळा कारखाना चालला. आणि दादरच्या पुढे गिरगाव, जिथे लोकांनी तिकीट काढून तो सिनेमा पाहिला.

सुरुवात गिरगावातूनच करू, कारण गोष्ट तिथेच सुरू होते. धुंडिराज गोविंद फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७० चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. फोटोग्राफी आली, छपाई आली. पहिली बायको आणि मूल प्लेगच्या साथीत गेलं. १९०२ साली दुसरं लग्न झालं, त्या सरस्वतीबाई. पुढे फाळक्यांनी छापखाना काढला, तो चांगला चाललाही, पण भागीदारांशी पटलं नाही म्हणून सोडून दिला. चाळिशी उलटलेली, घरात मुलं आणि हाताला काम नाही. अशा दिवसांत गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. सरस्वतीबाईंनाही तो दाखवायला नेलं. पडद्यावर येशू चालताना पाहून फाळक्यांच्या मनात आलं, आपले राम-कृष्ण असे का दिसू नयेत?

आज गिरगावात ते पिक्चर पॅलेस नाही. चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहिल्या, जमिनीखालून मेट्रो जाते आणि तिला गिरगाव नावाचं स्टेशनही आहे. पण सिनेमाचा नाद जिथे लागला, ती जागा बोट दाखवून सांगता येईल अशी उरलेली नाही.

तिथून दादरला येऊ. दादर पूर्वेला स्टेशनाजवळून एक गजबजलेला रस्ता जातो. त्याचं नाव दादासाहेब फाळके मार्ग. शंभर वर्षांपूर्वी तो दादर मेन रोड होता, आजूबाजूला तुरळक बंगले आणि झाडी. त्या रस्त्यावर मथुरा भवन नावाच्या घरात फाळके कुटुंब राहत होतं. आज त्याच भागात हिंदमाताचा कापडबाजार आहे. लग्नाच्या साड्यांसाठी बाया तिथे लांबून येतात. त्या गर्दीतून चालताना आठवायचं ते आवारात उभारलेलं राजवाड्याचं सेट, आत एक अंधारी खोली आणि चुलीवर चढलेलं मोठं पातेलं.

आधी पैशांची गोष्ट सांगते, कारण ती आपल्याला लगेच कळेल. फाळक्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. दोन आठवडे राहून सिनेमा कसा करतात ते पाहिलं. कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कोऱ्या फिल्मची मागणी नोंदवून एप्रिलमध्ये परत आले. तेवढ्या दिवसांत मुलाबाळांचं घर सरस्वतीबाईंनी ओढलं. कॅमेरा आला, पण सिनेमा काढायला आणखी पैसा लागणार होता. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवून महिनाभर त्याची वाढ एक-एक चित्र करत टिपली. पडद्यावर मात्र ते रोप मिनिटा-दोन मिनिटांत मातीतून वर येऊन वाढलं. ही छोटी फिल्म पाहून कर्ज देणाऱ्याचा विश्वास बसला. तरी पैसा पुरला नाही आणि सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले. बचत गटातल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको. बियाण्यासाठी, दवाखान्यासाठी अंगावरचं आधी कुणाचं उतरतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

आता कामाची गोष्ट. आज मोबाईलवर बोट टेकवलं की व्हिडिओ निघतो. तेव्हा कोऱ्या फिल्मचं रीळ परदेशातून यायचं आणि त्याला कडेची भोकं नसायची. ती भोकं असल्याशिवाय फिल्म कॅमेऱ्यातून पुढे सरकत नाही. ती घरीच पाडावी लागायची आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाईंनी केलं, तेही रात्री, दिवसभराचं सगळं आवरल्यावर.

जरा हिशोब मांडू. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात आणि प्रत्येक चित्राला दोन्ही काठांना चार-चार, म्हणजे आठ भोकं लागतात. गुणाकार केला तर पावणेपाच लाखांच्या जवळ आकडा जातो. हा हिशोबही फक्त शेवटी पडद्यावर दिसलेल्या लांबीचा. बिघडलेली, कापून टाकलेली आणि दाखवायच्या प्रतीची फिल्म यात धरलेली नाही. यंत्राची मूठ फिरवायची, फिल्म पुढे सरकवायची, पुन्हा मूठ फिरवायची. एक भोक तिरकं पडलं तर पडद्यावरचं चित्र थरथरणार. आपल्याकडे मिरचीच्या सातऱ्यावर दिवसभर देठं खुडणाऱ्या बायांना विचारा, तेच ते काम हजारो वेळा एकसारखं करायला काय लागतं. हात चालतात, पण नजर आणि मनही तिथेच ठेवावं लागतं.

चित्रण झालं की फिल्म रसायनांत धुवायची. ती रसायनं मिसळायचं, फिल्म धुवायचं काम सरस्वतीबाई शिकल्या. दिवसा आवारात चित्रण असलं की पांढरी चादर धरून उन्हात उभं राहायचं, म्हणजे सूर्याचा उजेड चादरीवरून उलटून नटाच्या तोंडावर पडेल. विजेचे दिवे नव्हते, दिवा सूर्याचाच. आणि हे सगळं करता करता साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. सगळी कंपनी तिथेच जेवायची. कपडे धुणं, मुलांचं बघणं वेगळंच. सिनेमा पुरा व्हायला सहा महिने सत्तावीस दिवस लागले. तेवढे दिवस हा गाडा चालला.

त्या काळी सिनेमात काम करणं कमीपणाचं मानत. म्हणून फाळके आपल्या नटांना सांगायचे, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणा. एका अर्थी ते खरंच होतं. त्या घराची फॅक्टरी झाली होती. तिच्यात रात्रपाळी आणि दिवसपाळी दोन्ही करणारी बाई एकच होती आणि तिला पगार नव्हता, कारण ती घरची होती.

पगाराचा विषय निघाला म्हणून तारामतीची गोष्ट ऐका. हरिश्चंद्राची कथा आपल्या सगळ्यांना कीर्तनातून, नाटकातून माहीत आहे. राजानं वचन दिलं, राज्य गेलं आणि दक्षिणा फेडण्यासाठी विकली गेली ती राणी तारामती. या तारामतीचं काम करायला फाळक्यांना बाई मिळेना. जाहिराती दिल्या, नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या वस्तीतही विचारून आले. तिथल्या बायांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके त्यांना दिसला. शेलाटा बांधा, नाजूक हात. त्याला तिथे महिन्याला दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. तो तारामती झाला. राणीच्या सख्या म्हणूनही पुरुषच उभे केले आणि मिशी काढायची म्हटल्यावर ते अडून बसले, कारण मिशी काढायची ती वडील गेल्यावर, असा समज. आपल्याकडच्या दंडारीत लुगडं नेसलेला पुरुष पाहिलेल्या बायांना याचं नवल वाटणार नाही. बाईची भूमिका पुरुषानं करायची हा तेव्हाचा रिवाजच होता. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके आणि छोटा रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. म्हणजे सरस्वतीबाईंच्या घरातलं मूलसुद्धा कामाला लागलं.

बाहेरची काही दृश्यं घ्यायला मंडळी वांगणीला गेली. कल्याणहून कर्जतच्या लोकलनं निघालात तर अंबरनाथ, बदलापूर आणि मग वांगणी लागते. तेव्हा ते डोंगराच्या पायथ्याचं लहान गाव होतं, म्हणूनच पुराणातलं रान म्हणून शोभलं. आज तिथे मुंबईला कामाला जाणाऱ्या माणसांची लोकल थांबते आणि नव्या इमारती वाढत चालल्या आहेत. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथपर्यंत आलेल्या कुटुंबांतल्या बाया पहाटेच्या गर्दीत लोकल पकडतात. डोंगर मात्र जागेवर आहेत. या सगळ्या जागांमध्ये जुन्या चित्राशी थोडाफार मेळ बसतो तो इथेच.

सिनेमा तयार झाला. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सगळ्यांसाठी लागला. हे थिएटर सँडहर्स्ट रोडवर होतं, आज त्याला सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात. सिनेमाला गर्दी लोटली, खेळ वाढवावे लागले. सुरतेला मात्र आधी लोक येईनात. नाटक रात्रभर चालतं आणि हा खेळ तासाच्या आत संपतो, मग पैसे कशाला द्यायचे, असं लोकांचं म्हणणं. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार चित्रं आणि दोन मैल लांबीचा खेळ, तोही फक्त तीन आण्यांत. मग लोक आले. आपला मघाचा हिशोब आठवा. ३,७०० फूट म्हणजे सव्वा किलोमीटरही होत नाही. दोन मैल ही जाहिरातवाल्याची मोजणी होती. सत्तावन्न हजार चित्रं मात्र खरी होती आणि त्या प्रत्येक चित्राच्या दोन्ही काठांची भोकं घरातल्या बाईनं पाडली होती, हे जाहिरातीत नव्हतं.

कॉरोनेशन आज नाही. मोठमोठी थिएटरं गेली, तसं तेही गेलं.

आता परतीच्या वाटेवर नाशिक. याच सिनेमाच्या यशानंतर १९१३ मध्ये फाळक्यांनी कंपनी नाशिकला हलवली. तिथे त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला आणि यात पहिल्यांदा बाईचं काम बाईनं केलं. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमलाबाई, वय जेमतेम तेरा. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या होऊन मुलीला घेऊन फिरत्या नाटक कंपनीत पोट भरत होत्या. एकट्या बाईनं नाटकात जाणं तेव्हाच्या समाजाला रुचणारं नव्हतं. पण त्या माय-लेकी पडद्यावर आल्या आणि ‘बाई मिळत नाही’ हे कारण संपलं. कमलाबाईंनी पुढे गोखले आडनावानं लांबची वाटचाल केली. त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले हे नट आपण टीव्हीवर आणि सिनेमात पाहिलेले आहेत. नाशिकमध्येच पुढे १९१९ साली फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’ काढला. त्यात बाळकृष्णाचं काम त्यांची मुलगी मंदाकिनी हिनं केलं. सहा वर्षांपूर्वी राणीसाठी पुरुष शोधावा लागला होता आणि आता कृष्ण एक मुलगी झाली.

नाशिकला आज मुंबईच्या हमरस्त्याला लागून, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. बाग, कारंजी आहेत, सहलीची मुलं येतात. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकलाच वारले. शेवटची वर्षं ओढगस्तीची होती. बोलपट आले आणि मूकपटाचा माणूस मागे पडला.

मानसन्मान नंतर आले. मुंबईत गोरेगावची चित्रनगरी, जिथे आज मालिका आणि सिनेमांचं चित्रण चालतं, तिला २००१ साली दादासाहेब फाळके चित्रनगरी असं नाव दिलं. सरकारचा सिनेमातला सगळ्यांत मोठा पुरस्कार त्यांच्या नावाचा आहे. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९६९ सालचा पहिला फाळके पुरस्कार एका बाईला मिळाला, देविकाराणींना. आणि दादरच्या त्याच फाळके मार्गावर रणजित स्टुडिओ उभा राहिला. त्याची कंपनी १९२९ साली चंदुलाल शहा आणि नटी गोहर यांनी मिळून काढली. म्हणजे ज्या रस्त्यावर सोळा वर्षांपूर्वी तारामतीसाठी बाई मिळत नव्हती, तिथे एक बाई कंपनीची भागीदार झाली. हे दिवस आपोआप आले नाहीत. दुर्गाबाई-कमलाबाईंसारख्यांनी बोल ऐकून घेतले, तेव्हा पुढच्यांची वाट मोकळी झाली.

खुद्द सिनेमाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं सांभाळलं आहे. तेही १९१३ चं नसून फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास पुन्हा चित्रित केलेल्या हरिश्चंद्राचं असावं, असं काही अभ्यासक मानतात. थिएटरं गेली, गावाचं रान आटलं, अर्धी फिल्म हरवली. मग टिकलं काय? जे कुणी लिहून ठेवलं ते टिकलं. फाळक्यांनी स्वतः लेख लिहिले, म्हणून त्यांचा विमा, त्यांचा लंडनचा प्रवास, साळुंक्याचा पंधरा रुपये पगार आज आपल्याला कळतो. सरस्वतीबाईंनी स्वतः लिहिलेलं आपल्यापर्यंत फारसं पोचलेलं नाही. त्यांचं काम आपल्याला दुसऱ्यांच्या आठवणींतून, तुकड्या-तुकड्यानं कळतं. घरच्या धंद्यात राबणाऱ्या बाईचं असंच होतं. दुकान नवऱ्याचं, शेत सासऱ्याचं आणि ती फक्त मदत करते.

यात फाळक्यांचं मोठेपण कमी होत नाही. डोळे अधू होईपर्यंत तो माणूस या नादात राबला. पण हा सिनेमा दोघांचा होता, असं म्हटलं तर काही चूक होणार नाही. २००९ साली परेश मोकाशींनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ नावाचा मराठी सिनेमा काढला. त्यात नंदू माधव फाळके झाले आहेत आणि विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. हसत-खेळत सांगितलेली गोष्ट आहे, मुलांनाही आवडेल. गटात एखाद्या दिवशी मिळून पाहा. पाहताना सरस्वतीबाई पडद्यावर कोणकोणती कामं करतात, ती बोटावर मोजत जा.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. आपल्या घरात, शेतात, दुकानात, शेळ्या-कोंबड्यांच्या धंद्यात आपण एका दिवसात जी कामं करतो, त्यांची यादी प्रत्येकीनं करायची. ज्या मैत्रिणीला लिहिता येत नाही, तिची यादी दुसरीनं लिहून घ्यायची. काम, त्याला लागलेला वेळ आणि तेच काम मजुरीनं करून घेतलं असतं तर किती पैसे गेले असते, असे तीन रकाने पाडा. खाली आपलं पूर्ण नाव लिहा आणि तारीख टाका. तो कागद गटाच्या वहीत ठेवा. सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे की नाही, तेही त्याच बैठकीत बघून घ्या. नसेल तर तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीत कुणी कुणी मिळून विचारायला जायचं, तेही तिथेच ठरवा.

यादी तयार झाली की आम्हाला कळवा. पुढच्या गप्पांत त्यातल्या काही वाचून दाखवू.